एक जूनचे दोन कडूबा

विशाखा आमच्या हॉस्पिटलात लागली त्या दिवशीच मी तिला सांगून टाकलं होतं, "पोरी, मला शिकवायला येऊ नकोस." मी साहेबराव, रेकॉर्ड रूमचा कारकून. एकतीस वर्षं या हॉस्पिटलचे कागद सांभाळले. बाहेरच्याला तो रद्दीचा ढीग वाटायचा, पण कुणी नुसतं नाव सांगितलं की मी चहाचा कप खाली न ठेवता फाइल काढून द्यायचो. ज्या पेशंटला एखादं औषध चालत नाही त्याच्या फाइलवर मी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहायचो, मोठ्या अक्षरात, डॉक्टरला चष्मा नसला तरी दिसेल असं. मग ट्रस्टनं ठरवलं की आता सगळं कॉम्प्युटरवर. माझ्या फायली गठ्ठे बांधून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या आणि माझ्या टेबलाला टेबल लावून ही चोवीस वर्षांची पोरगी आली. माझा जळफळाट झाला, हे लपवत नाही.

ती भावसिंगपुऱ्याची. वडील राजेंद्र, वाळूजच्या एका कंपनीत लेथवर. पोरीनं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि घरात पहिल्यांदा बसून करायची नोकरी आली. रोज सव्वाआठला क्रांती चौकातली गर्दी चुकवत स्कूटीवर यायची, हेल्मेट खिडकीत ठेवायची आणि अर्धा तास कुणाशी एक शब्द बोलायची नाही. त्या अर्ध्या तासात ती चिठ्ठ्या पाठवायची.

चिठ्ठ्या हा माझा शब्द. ती त्याला स्क्रिप्ट म्हणायची. चार-पाच ओळी असायच्या, फार नाही. आधी लॅबच्या वाया गेलेल्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलनं लिहायची, खोडायची, मगच टाइप करायची. ती चिठ्ठी नेटवरून आमच्या सातही केंद्रांतल्या कॉम्प्युटरला जायची, दौलताबाद, फर्दापूर, सगळीकडे, आणि प्रत्येकाला विचारायची: जागा आहेस का? जो जागा असेल तो उत्तर द्यायचा. मग दुसरी चिठ्ठी आमच्या मोठ्या डेटाबेसला, म्हणजे जिथं एक लाखावर पेशंटांच्या नोंदी आहेत त्याला विचारायची: आज कुणाची तपासणी आहे, कुठलं औषध संपत आलंय, कोण तीन महिन्यांत फिरकलं नाही? ज्या कामाला माझे दोन दिवस आणि एक डोकेदुखी जायची ते तिची चिठ्ठी पाणी पिऊन येईपर्यंत करून ठेवायची. महिनाभर मी नाक मुरडलं. दुसऱ्या महिन्यात माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्या ताटात जायला लागली.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात तिच्यापुढे एक किचकट काम आलं. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या होत्या. आधी दौलताबादला दाखवलं तेव्हा एक नंबर, मग शहरात आला तेव्हा दुसरा. त्या शोधून एक करायच्या होत्या. तिनं पेन्सिल कानावर अडकवली आणि मला विचारलं, "काका, दोन कागद एकाच माणसाचे हायेत का वेगवेगळ्यांचे, तुम्ही कशावरून ओळखायचे?"

मला कुणी काही विचारून किती दिवस झाले होते! मी खुर्ची मागं रेलली. "नाव, बापाचं नाव आडनावासकट, तालुका आणि जन्मतारीख. चारही जुळलं का डोळे झाकून एकच माणूस. एकतीस वर्षांचा अनुभव हाय माझा."

तिनं ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. दोन दिवस तपासलं, शंभरेक जोड्या स्वतः बघितल्या, सगळ्या बरोबर निघाल्या. संक्रांत झाल्यावर एका सोमवारी तिनं ती चिठ्ठी चालवली. चार हजारांवर जोड्या एक झाल्या. नवी नोंद राहिली, जुनी गळाली. अधीक्षक साहेब खूश झाले. मी त्या दिवशी दोघांचा चहा माझ्या खिशातून आणला आणि कँटीनवाल्याला सांगितलं की डोकं माझं आहे, बोटं तिची.

बुधवारी सकाळी पावणेदहाला खिडकीवर एक बाई आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आवाज असा की रांगेतली माणसं गप्प झाली.

"काय ओ, तुमच्या मशीनला काय याड लागलंय का? माझा मालक इथं बाकड्यावर बसलाय, अन् ती औषधाच्या खिडकीतली पोरगी म्हणती तो फर्दापूरला भरती हाय! कालच्यापून!"

आवडाबाई गव्हाणे तिचं नाव. बाकड्यावर तिचा नवरा कडूबा टोपी मांडीवर ठेवून खरंच बसला होता. दम्याचं औषध न्यायला आलेला. विशाखानं नोंद उघडली. कडूबा तुकाराम गव्हाणे, तालुका सोयगाव, जन्म १ जून १९६९. काल दुपारी फर्दापूर केंद्रात दाखल, आज हर्नियाचं ऑपरेशन, यादीत तिसरा नंबर.

"हा आमचा नव्हं," आवडाबाई म्हणाली. "ह्यो वरल्या आळीचा कडूबा असंल. त्याचा बापबी तुकारामच. दोघं एकाच वर्गात व्हते."

"आणि जन्मतारीख?" विशाखानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "तीपण एकच कशी?"

"आता अडाणी आईबापाला कुठून म्हाईत असायची तारीख? मास्तरानं लावली. समद्या वर्गाला एकच. एक जून."

मी खुर्चीवरून उठलो होतो तो तसाच उभा राहिलो. आमच्या भागात शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता येत नसे. मास्तर पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागतो का बघायचा आणि वयात बसेल असा एक जून ठोकून द्यायचा. दरवर्षी त्या दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, लोक फोनवर एकमेकांची थट्टा करतात. मलाही येतात तसले निरोप. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे! मी, एकतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, त्या पोरीला सांगून बसलो होतो की जन्मतारीख जुळली की डोळे झाक.

अजून मला वाटत होतं की कागदाचाच घोळ आहे, निस्तरू. पण आवडाबाई बोलतच होती. "त्याला संभाळून सुई मारा म्हणावं. सा वर्सांमागं तुमच्याच दवाखान्यात सुई टोचली अन् बाप्या निळा पडला व्हता. तोंड सुजलं, दम घुसमटला. बायकोनं बांगड्या फोडायच्या बाकी ठेवल्या व्हत्या."

विशाखानं नोंद खाली सरकवली. पडद्यावर, ॲलर्जीच्या रकान्यात, लिहिलेलं होतं: नाही.

ते 'नाही' आवडाबाईच्या नवऱ्याचं होतं. वरल्या आळीच्या कडूबाच्या नोंदीत जी लाल सूचना होती, ती जुन्या नोंदीबरोबर सोमवारी गळून गेली होती. आता फर्दापूरला तो माणूस हिरवा गाऊन घालून पडलेला होता आणि हर्नियाच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. तिसरा नंबर म्हणजे सव्वादहाच्या सुमाराला.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते.

मी फर्दापूरला फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. शिबिराचा दिवस, सोळा ऑपरेशनं, नातेवाइकांची झुंबड, आणि काउंटरवर एकच फोन. डॉक्टरांचा मोबाइल वाजत राहिला. तो वाजतच राहणार होता, कारण थिएटरमध्ये जाताना सगळ्यांचे मोबाइल काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे हा तिथला नियम. आवडाबाईनं आपल्या छोट्या फोनवरून वरल्या आळीच्या कडूबाच्या पोराला लावलं. तो संपर्कक्षेत्राबाहेर. गाडी काढून जावं तर शंभर किलोमीटर.

"तू नोंद दुरुस्त कर ना!" मी विशाखावर ओरडलो. "लिही तिथं ॲलर्जी हाय म्हणून!"

"काका, फर्दापूरचा सर्व्हर सकाळपासून झोपलाय. यूपीएस गेलाय त्यांचा. त्यांनी काल संध्याकाळीच यादी छापून घेतली असणार. मी इथं काहीही लिहिलं तरी त्यांच्या हातातल्या कागदावर 'नाही'च राहणार." मग ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक पडला होता. "आणि ॲलर्जी कशाची ते मला म्हाईत नाय. जुन्या नोंदींची प्रत ठेवलीय मी, पण ती बाहेरच्या डिस्कवर हाय, उघडायला दीड तास लागंल. काका, तुमची फाइल..."

तिनं वाक्य पुरं करायच्या आत मी निघालो होतो.

सत्तावन्नाव्या वर्षी माणूस पळतो तेव्हा तो पळतो कमी आणि लाजतो जास्त. मी लाजलो नाही. शेडचं कुलूप गंजलं होतं, दगडानं तोडलं. आत गठ्ठ्यांवर धूळ आणि उंदरांच्या लेंड्या. सोयगाव तालुका डाव्या हाताला, हे मला ठाऊक होतं, कारण गठ्ठे मीच रचले होते. ग चा गठ्ठा तळाला. सुतळी दातानं तोडली. गव्हाणे आसराबाई, गव्हाणे एकनाथ, गव्हाणे कडूबा. कडूबाच्या नावानं दोन फायली निघाल्या. पहिल्या फाइलवर काही नाही. दुसऱ्या फाइलवर माझंच अक्षर, लाल, सहा वर्षांपूर्वीचं: सेफ्ट्रायॅक्सोन देऊ नये. जीवावर बेतले होते. ऑपरेशनच्या आधी टोचतात ते हेच अँटिबायोटिक.

'बेतले' शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. कशा मारल्या, ते अजून आठवत होतं.

परत आलो तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. माझा आलेला श्वास परत जात नव्हता. आवडाबाई फोन कानाला लावून खिडकीला टेकून उभी होती, तिच्या नवऱ्यानं टोपी मुठीत आवळून धरली होती. विशाखा लॅबच्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलनं भराभर लिहीत होती.

"सर्व्हर मेलाय, पण लाइन चालू हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हणजे तिथं अजून कायतरी जागं असणार. एकेक घर ठोठावून बघते."

तिनं चार ओळी टाइप केल्या. फर्दापूरच्या त्या इमारतीत नेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो, गल्लीतल्या घराला नंबर असतो तसा. तिची चिठ्ठी एक नंबरपासून निघाली. एक: उत्तर आलं, ती नेटची पेटीच होती. दोन: नाही. तीन: नाही. चार: नाही. पडद्यावर नाही, नाही, नाही अशी रांग लागत गेली. मी आयुष्यात इतक्या निमूटपणे कधी काही वाचलं नसेल. तीस गेले. चाळीस गेले. दहा वाजून सात मिनिटं. ऐंशी. नव्वद. माझ्या मनात भलभलतं यायला लागलं, त्या बाईच्या बांगड्या डोळ्यांपुढे यायला लागल्या.

एकशे चौदा: उत्तर आलं.

"प्रिंटर!" विशाखा जवळजवळ किंचाळली. "ऑपरेशनच्या आधीच्या खोलीतला प्रिंटर. पेशंटचे कागद छापायचा."

मी फाइल तिच्यापुढे आपटली. तिनं लाल ओळ वाचली आणि मजकूर टाइप केला. मराठी अक्षरं अशी थेट पाठवली तर त्या जुन्या प्रिंटरला कळत नाहीत, नुसते चौकोन उमटतात, म्हणून तिनं मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं: कडूबा गव्हाणे यांना सेफ्ट्रायॅक्सोन देऊ नका. जुनी ॲलर्जी आहे. जीव जाईल. ताबडतोब फोन करा. खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

"थांब," मी तिचा हात धरला. "किती पानं पाठवतीस?"

"एक."

"एक कागद कोण बघतंय? एकतीस वर्षं कागद बघितलेत मी. एक कागद ट्रेमध्ये पडून राहतो. पन्नास पाठव. कागद वाया जायला लागले का कुणीतरी शिव्या द्यायला तरी उठतंच."

तिनं एकचे पन्नास केले आणि बटण दाबलं.

मग करायला काही उरलं नाही. दहा वाजून नऊ मिनिटं. तिचा फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला होता आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत होतो. आवडाबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. ती त्या वरल्या आळीच्या कडूबाची कोण लागत होती? कुणीच नाही. बांधावरून त्यांची भांडणंही झाली असतील. पण तिची नजर त्या फोनवरून हलत नव्हती. दहा वाजून दहा. अकरा. बारा. विशाखा हळूच म्हणाली, "कागद संपलेला असला तर?" मी तिला गप्प बस म्हणालो, कारण मलाही तेच वाटत होतं.

दहा वाजून तेरा मिनिटांनी फोन वाजला.

"कोण गं तू?" पलीकडून सुलेखा सिस्टर, काउंटरवरच्या फोनवरून. मी तिला ओळखतो, फटकळ बाई. "काय चालवलंय हे? सगळे कागद संपवले आमचे! मी प्लग काढायला गेले आन् खाली हा नंबर दिसला..."

"सिस्टर, कागद वाचला का?" विशाखाचा आवाज चिरकला. "कडूबा गव्हाणेंना इंजेक्शन दिलं का?"

 चपलांचा पळण्याचा आवाज. फोन तसाच चालू. कुणीतरी कुणाला हाक मारली, काहीतरी धातूचं खाली पडलं. मी डोळे मिटून घेतले. पेशंटच्या नावानं देवाला मागायची मला सवय नाही, तेवढी माणसं रोज येतात आणि जातात. त्या दिवशी मागितलं.

"नाय दिलं," सुलेखाचा श्वास फुलला होता. "भरून ट्रेमध्ये ठेवलं व्हतं. डाक्टरनं हातात घेतलं व्हतं गं. मी हिसकावलं." मग म्हणाली, "त्याला इचारलं व्हतं आम्ही, काय चालत नाय का म्हणून. तो म्हणला, वांगं चालत नाय."

आवडाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिचा कडूबा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "अगं, मी हाय ना इथं." ती म्हणाली, "तुमच्यासाठी कोण रडतंय?"

विशाखा हसली नाही. तिनं त्याच बैठकीत जोड्या झालेल्या नोंदींना नवी चिठ्ठी पाठवली: यातल्या किती जणांची तारीख एक जून? आकडा आला, नऊशे सदतीस. दुपारी तिनं डबा उघडला नाही. डिस्क लावून त्या सगळ्या जोड्या सोडवल्या, मग उरलेल्याही, आणि प्रत्येक केंद्राला फोन करून छापील याद्या फाडायला लावल्या. संध्याकाळी घरी जाताना हेल्मेट विसरून गेली. मी ते फाटकापर्यंत पळत नेऊन दिलं.

शनिवारी अधीक्षकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "चार गोष्टी जुळल्या की माणूस एकच, हा नियम ठरवला कुणी?"

मी तिच्याशेजारीच बसलो होतो. शब्द माझ्या जिभेवर आले होते. विशाखानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "स्क्रिप्ट मी लिहिली, सर. चूक माझी."

आणि मी गप्प बसलो. मे अखेर मी निवृत्त होणार आहे. एकतीस वर्षांत माझ्यावर एकही ठपका नाही. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. पन्नास कागदांची युक्ती कुणाची, हे सांगायला मात्र मी विसरलो नव्हतो. ते बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून झालं होतं.

सोमवारी तिच्या लेखी ताकिदीची प्रत माझ्याकडे आली. कर्मचाऱ्यांच्या फायली अजून कागदावरच आहेत आणि त्या माझ्या कपाटात असतात. पुढे कायम व्हायची वेळ आली की हा कागद आधी वर येणार. मी तो हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात ती डबा घेऊन आली. चटणी वाढून घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काका, आता सांगा बरं. दोन माणसं वेगळी हायेत हे कशावरून ओळखायचं? मी नव्यानं लिहायला घेतलंय."

अजूनही ती मलाच विचारत होती.  मी म्हणालो, "त्यांच्या बायकांना इचारायचं," आणि उठलो.

लाल पेन ड्रॉवरच्या तळाशी सापडलं. दोन वर्षं वापरलं नव्हतं, शाई सुकली होती. रद्दीवर गिरगटून गिरगटून चालू केलं. मग तिच्या ताकिदीच्या खाली, मोठ्या अक्षरात, साहेबांना चष्मा नसला तरी दिसेल असं लिहिलं: हा नियम मी दिला. तिनं मला विचारून केलं. तिला जबाबदार धरू नये. खाली सही केली. 'धरू नये'खाली दोन रेघा मारल्या.

तो कागद घेऊन मी केबिनमध्ये गेलो. साहेबांनी वाचला, परत वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"साहेबराव, कशाला नस्ती भानगड? चार महिन्यांवर आली तुमची निवृत्ती. एक जून ना जन्मतारीख?"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "पण आई म्हणायची, मी झालो तेव्हा शाळूची ज्वारी काढायला आली व्हती, आत्तासारखीच थंडी व्हती. तीबी तारीख मास्तरानंच लावलेली हाय. हे चार महिने तसेबी त्यानंच दिलेले."